पालखीच्या पहिल्या थांब्याला नाव आहे

प्रति,
पालखी मार्गाचे नकाशे, फलक आणि माहितीपत्रकं तयार करणारे अधिकारी, मंडळं आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात नाना पेठेत राहते. निवडुंग्या विठोबाचं देऊळ आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तुकोबांची पालखी पुण्यात आली की दोन रात्री तिथे मुक्कामाला असते, आणि त्या दोन दिवसांत आमच्या जिन्यावर, ओट्यावर, बोळात, जिथे म्हणून पाठ टेकेल तिथे वारकरी झोपलेले असतात. आईच्या काळापासून आमच्या घरी त्या दिवशी पिठलं-भाकरी होते. समोरच्या वाड्यातल्या चाची सकाळी सहा वाजता मोठ्या पातेल्यात चहा टाकायच्या. आता त्यांची सून टाकते. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. गुडघे साथ देत होते तोवर दरवर्षी देहू ते पुणे पायी यायचे, आता प्रस्थानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देहूला जाते आणि दर्ग्यापर्यंत चालते. पत्र लिहायचं कारण त्या दर्ग्याचंच आहे.

गेल्या ज्येष्ठात पालखी मार्गाचं एक घडीपत्रक हाती आलं. कुणी छापलं ते इथे लिहीत नाही, त्याची गरजही नाही. देहूपासून पंढरपूरपर्यंतचा सगळा रस्ता त्यात होता. मुक्काम ठळक, विसावे बारीक अक्षरात. आकुर्डीचं विठ्ठल मंदिर होतं, आमचा निवडुंग्या विठोबा होता, काटेवाडीच्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीचं गोल रिंगण होतं. दवाखाने, पाण्याचे टँकर, स्वच्छतागृहं, सगळं दाखवलेलं. काम मेहनतीनं केलेलं होतं हे आधी मान्य करते. पण इनामदार वाड्यातून निघालेली पालखी जिथे पहिल्यांदा थांबते, तिथे नुसता एक ठिपका होता आणि शेजारी दोन शब्द, ‘पहिली आरती’. कुठे, कुणापाशी, काही नाही. पुढच्या चिंचोलीच्या पादुका मंदिराला नाव होतं. त्याच्या आधीच्या ठिपक्याला नव्हतं.

त्या ठिपक्याचं नाव अनगडशाह बाबांचा दर्गा.

हे वगळणं मुद्दाम केलेलं होतं असं मी म्हणत नाही. बहुधा जागा पुरली नसेल, किंवा कुणाला तरी वाटलं असेल की विचारत बसण्यापेक्षा नाव न घातलेलं बरं. पण छापील कागदाची एक ताकद असते. आज नकाशात नाव नाही, उद्या फलकावर नसतं, परवा कीर्तनात येत नाही, आणि दहा वर्षांनी एखादा तरुण चोपदाराला विचारतो की आपण इथे का थांबतो. तेव्हा उत्तर देणारा माणूस उरलेला असेलच असं नाही. म्हणून ते उत्तर आज इथे सविस्तर लिहिते आहे. तुमच्यापैकी अनेकांना ते माहीत असेल. ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा धीर धरावा.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान होतं. हा सोहळा १६८५ साली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी सुरू केला. पहिला मुक्काम देहूतच, इनामदार वाड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी गावाबाहेर पडते आणि अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. टाळ थांबत नाहीत, पावलं थांबतात. तिथे अभंग होतो, आरती होते. तुकोबांच्या पादुका घेऊन निघालेल्या वारीची वाटेवरची पहिली आरती एका फकिराच्या मजारीपाशी होते. हे कुणी एका वर्षी उत्साहाच्या भरात केलेलं नाही. परंपरेनं चालत आलेलं आहे.

आता अनगडशाह कोण? महिपतींनी संतांची चरित्रं लिहिताना तुकोबांच्या चरित्रात हा फकीर आणला आहे. कथा सुरू होते ती वाघोलीच्या रामेश्वरभटांपासून. रामेश्वरभट हे तेच, ज्यांच्यामुळे तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. मोठे विद्वान, आणि शूद्रानं वेदार्थ बोलावा हे त्यांना सहन होणारं नव्हतं. वह्या बुडाल्या, तुकोबा नदीकाठी शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्याविना बसले. इकडे रामेश्वरभट पुण्यात नागनाथाच्या दर्शनाला निघाले. वाटेत अनगडशाहाची बाग लागली. बागेतलं पाणी पाहून त्यांनी तिथे स्नान केलं. फकिराला न विचारता केलं. फकीर संतापला आणि त्यानं शाप दिला, तुझ्या अंगाचा दाह होईल.

आणि तो झाला. ओली वस्त्रं गुंडाळली, लेप लावले, पाण्यात बसले, आग काही शमेना. शेवटी रामेश्वरभट आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधीपाशी जाऊन बसले. तिथे त्यांना दृष्टांत झाला की तुकोबांना शरण जा. त्यांनी शिष्यांकरवी पत्र पाठवलं. तुकोबांनी उत्तरात एक अभंग धाडला. त्याची पहिली ओळ आपण सगळेच म्हणतो: ‘चित्त शुद्ध तरी शत्रु मित्र होती’. अभंग वाचता वाचता दाह ओसरला असं महिपती सांगतात. मी वर्गात हा अभंग शिकवायचे तेव्हा मुलांना विचारायचे की शत्रू म्हणजे इथे कोण? मुलं म्हणायची रामेश्वरभट. मग मी विचारायचे, आणि शाप देणारा फकीर? तिथे वर्ग शांत व्हायचा.

फकिराची गोष्ट इथे संपत नाही. आपण दिलेला शाप कुणा वाण्यानं उतरवला हे कळल्यावर अनगडशाहाला राग आला. तो तुकोबांची परीक्षा घ्यायला देहूला आला. हातात त्याचा कटोरा. हा कटोरा कितीही घातलं तरी भरत नसे, अशी त्याची ख्याती. तुकोबांच्या दारात येऊन त्यानं भिक्षा मागितली. घरात होतं नव्हतं ते तुम्हाला माहीतच आहे. जिजाईनं किती दिवस कसं निभावलं हे तुकोबांचे अभंगच सांगतात. घरातून लेक बाहेर आली आणि तिनं चिमूटभर पीठ कटोऱ्यात टाकलं. कटोरा भरला आणि ओसंडून वाहू लागला. फकिराची मान खाली गेली. परंपरा सांगते की पुढे तो तुकोबांना मानू लागला, आणि आज दर्गा आहे ती त्याची जागा.

ही कथा आहे, इतिहासाचं कागदपत्र नव्हे. महिपतींनी ती तुकोबांच्या नंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिली. मी तिच्यातल्या चमत्कारावर विश्वास ठेवा असं कुणालाही सांगत नाही, शाळेतही कधी सांगितलं नाही. पण वारी या कथेला विसरली नाही, ही मात्र घडलेली गोष्ट आहे. दरवर्षी डोळ्यांदेखत घडणारी. पालखी दरवर्षी तिथे थांबते, आणि तुम्ही नकाशा काढता तो घडणाऱ्या गोष्टींचाच असतो.

आणखी एक सांगते, जे मला स्वतःला फार उशिरा सुचलं. वारीत आणि घरोघर तुकोबांची जी आरती म्हटली जाते, ‘आरती तुकारामा’, ती कुणाची आहे? शेवटच्या कडव्यात नाव आहे. रामेश्वरभटांची. ज्यांनी वह्या बुडवायला लावल्या त्यांचीच. आता त्या सकाळचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पालखीत तुकोबांच्या पादुका. समोर शाप देणाऱ्या फकिराची मजार. आणि तुकोबांच्या ज्या आरतीत शेवटी चरणी मस्तक ठेवलं आहे, ती त्या शापानं होरपळलेल्या शास्त्र्याची. तिघांचं भांडण ज्या कथेत आहे, त्या कथेतले तिघेही त्या वाटेवर आहेत. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दर्ग्यापाशी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि हातातले टाळ वाजवायचे राहून गेले.

म्हणून तुम्हाला एक विनंती आगाऊच करते. नाव घालाल तेव्हा त्याखाली ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. हे शब्द चांगल्या मनानं लिहिले जातात, मी त्यांची टर उडवत नाही. पण या जागेची गोष्ट त्या शब्दांत मावत नाही. इथे आधी राग आहे. न विचारता दुसऱ्याच्या पाण्यात उतरणं आहे. शाप आहे, ईर्ष्या आहे, परीक्षा घ्यायला येणं आहे. ऐक्य कुणी वाटून दिलेलं नाही, दोन कडक माणसांचा ताठा उतरला, तोही एका गरीब घरच्या पोरीच्या चिमूटभर पिठानं आणि एका अभंगानं. मुलांना ही गोष्ट सांगितली तर ती जागा त्यांच्या लक्षात राहते. ‘प्रतीक’ सांगितलं की ती जांभया देतात. वर्गात हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

पिठाचं निघालं म्हणून थोडं विषयांतर करते, मला ते विषयांतर वाटत नाही तरी. चौदाव्या शतकात दिल्लीहून सुफी मंडळी दख्खनेत आली. महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली त्या लोंढ्यात अनेक जण आले. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हे त्यांतले. १३३७ साली ते वारले, त्यांचा दर्गा खुलदाबादला आहे. पुढे विजापूरकडच्या सुफींनी सतराव्या शतकात दखनी बोलीत बायकांसाठी गाणी रचली, त्यांना चक्कीनामा म्हणतात. जात्यावर बसून म्हणायची गाणी. जात्याचा खुंटा उभा असतो, तसाच अरबी लिपीतला पहिला वर्ण अलिफ उभा असतो, आणि अलिफ म्हणजे अल्ला, असं त्यात येतं. आपल्याकडे त्याच काळात, त्याच पहाटे, तसल्याच जात्यावर बायका विठ्ठलाच्या ओव्या म्हणत होत्या. माझी आजी भल्या पहाटे दळायला बसायची. तिच्या ओव्यांत पंढरीचा राणा यायचा आणि मधेच एखाद्या ओवीत पीरबाबाही यायचा, भावाला औक्ष मागायला. तिला त्यात काही वेगळं केल्यासारखं वाटत नसे. अनगडशाहाचा कटोरा भरला तो सोन्यानाण्यानं नव्हे, जात्यातून नुकत्या निघालेल्या पिठानं, हे कथा रचणाऱ्यानं उगाच ठेवलेलं नाही.

खुद्द तुकोबांच्या गाथेत दरवेश, मलंग, डोईफोडा अशा मथळ्यांची पदं आहेत, हिंदी-दखनीत. दारोदार फिरणाऱ्या फकिरांची बोली त्यांनी कानांनी टिपली होती. एकनाथांच्या भारुडांत फकीर आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद तर वारकऱ्यांनी आपल्यातलेच मानले. मालोजीराजे भोसल्यांच्या घराण्याची नगरच्या शाह शरीफांवर श्रद्धा होती, आणि त्यांच्याच नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. हे सगळं शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जातं. रस्त्यावर मात्र त्याची एकच खूण सर्वांना दिसेल अशी उरली आहे, ती म्हणजे देहूचा हा थांबा.

ज्यांना दर्ग्यात कधी जाणं झालेलं नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. दर्गा म्हणजे मशीद नव्हे. मशिदीत नमाज होतो. दर्ग्यात एखाद्या सत्पुरुषाची मजार असते आणि लोक त्याच्या भेटीला येतात. पुष्कळ ठिकाणी शेजारी लहानशी मशीदही असते, त्यामुळे दोन्हींची गल्लत होते. मजारीवर गलेफ चढवतात, फुलांची चादर घालतात, ऊद-लोबान जाळतात. मुजावर, म्हणजे दर्ग्याची देखभाल करणारा, मोरपिसांचा कुंचा डोक्यावरून फिरवतो. मलिद्याचा नैवेद्य असतो, पोळी किंवा भाकरी कुस्करून गूळ-तूप घालून केलेला. सत्पुरुष ज्या दिवशी वारला तो उरूस. उरूस या शब्दाचा मूळ अर्थ लग्न. मरणाला देवाशी लागलेलं लग्न म्हणणारे हे लोक. उरुसाच्या आधी संदल, म्हणजे उगाळलेलं चंदन वाजतगाजत आणून मजारीला लावायचं. तुकोबांनी स्वतःच्या मरणाला ‘अनुपम सोहळा’ म्हटलं आहे, ते वारकऱ्यांना सांगायला नको. उरूस हा शब्द त्यांना परका वाटणार नाही.

पुण्यात अशा जागा किती तरी आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कॅम्पात हजरत बाबाजान यांची मजार आहे, भर रस्त्यात, कडुनिंबाशेजारी. या बाई अफगाण मुलखाकडून आलेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात आल्या आणि चार बावडीच्या परिसरात त्या कडुनिंबाखाली बसल्या, ऊन, पाऊस, थंडी, तिथेच. कुणी आई म्हटलं की चिडायच्या, मी मर्द आहे म्हणायच्या. १९१३ साली डेक्कन कॉलेजात शिकणारा एक इराणी तरुण सायकलवरून तिथून जायचा. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि पुढे त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. तो तरुण म्हणजे मेहेरबाबा. २१ सप्टेंबर १९३१ ला बाबाजान गेल्या आणि ज्या झाडाखाली बसायच्या तिथेच त्यांना ठेवलं. मुसलमान, पारशी, हिंदू, सगळे तिथे थांबतात. रिक्षावाले जाता जाता हात लावतात. एका स्त्रीची, तीही घर-संसार सोडून रस्त्यावर बसलेल्या स्त्रीची मजार शहराच्या मध्यात आहे, हे आपल्या शहराचं मोठं धन आहे. माझ्या लहानपणी आई कॅम्पात कापड घ्यायला जायची, तेव्हा आधी तिथे थांबायची. का थांबायची ते तिनं कधी सांगितलं नाही.

सातारा रस्त्यावर खेड शिवापूरला कमर अली दरवेश यांचा दर्गा आहे. तिथला दगड सर्वांना ठाऊक आहे. नव्वद किलोच्या आसपास वजन, अकरा माणसांनी उजव्या हाताची तर्जनी खाली लावायची, एका दमात बाबांचं नाव घ्यायचं आणि दगड वर उचलायचा. पूर्वी तिथे तालीम होती आणि ताकदीचा गर्व करणाऱ्या पैलवानांना बाबांनी धडा दिला, अशी आख्यायिका. शाळेची सहल नेली होती तेव्हा मुलांनी दगड उचलला. परतीच्या बसमध्ये मी त्यांना भागाकार करायला लावला. नव्वद भागिले अकरा, प्रत्येक बोटावर आठ किलोच्या थोडं वर. सगळ्यांनी एकाच क्षणी जोर लावला तरच जमतं, आणि एका दमात नाव घेतलं की तो क्षण सापडतो. एक मुलगी म्हणाली, म्हणजे बाई, चमत्कार नाहीच का? मी म्हटलं, अकरा जणांना एका क्षणी एकत्र आणायचं म्हणजे काय ते तू वर्गात मॉनिटर झालीस की बघ. गणित सांगितल्यानं त्या जागेचं काही कमी झालं नाही. मुलं पुढच्या सहलीलाही तिथेच जायचं म्हणत होती.

कसब्यातल्या दोन्ही शेख सल्ल्यांच्या दर्ग्यांबद्दल इथे लिहीत नाही. तिथल्या जागेच्या मूळ इतिहासावरून वाद आहे. तो ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी, पुरावे समोर ठेवून आणि कायद्याच्या मार्गानं मिटवावा. एका जागेच्या वादामुळे दुसऱ्या जागेचं नाव घ्यायलाही माणसं कचरू लागली आहेत असं मला दिसतं, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. देहूच्या दर्ग्याशी कुणाचं भांडण नाही. तिथे वारीच स्वतःहून थांबते.

आता माझं मागणं. नकाशात त्या ठिपक्याला पूर्ण नाव द्या, अनगडशाह बाबा दर्गा. देहूतून निघणाऱ्या रस्त्यावर विसाव्याचे फलक लागतात, तसा तिथेही एक लागावा. फलक लहान असला तरी चालेल. कमान नको, चकचकीत फरशा नकोत, रंगीत दिवे नकोत, झाड असेल तर त्याच्या पारावर सिमेंट ओतू नका. बाबांच्या जन्ममृत्यूची सालं अंदाजानं घालू नका. फलकावर एकदा चुकीचं साल कोरलं की ते पुढच्या दहा पुस्तकांत जातं. कथा आहे ती ‘कथा’ म्हणून लिहा, प्रथा आहे ती ‘प्रथा’ म्हणून.

फलकापेक्षाही मला ज्याची घाई वाटते ते वेगळंच आहे. दर्ग्याची देखभाल करणाऱ्या घरांतली, देहूतल्या जुन्या घरांतली, दिंड्यांतली म्हातारी माणसं अजून आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून घ्या आणि लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवा. पूर्वी आरती कोण म्हणायचं, दर्ग्याकडून पालखीला काय दिलं जायचं, पालखीकडून दर्ग्याला काय, पावसानं रस्ता तुंबला तेव्हा काय केलं, कोणता अभंग कुठल्या चालीत. हे कुठल्याच दप्तरात नसतं. बायकांना वेगळं विचारा. पुरुष मानपानाचं सांगतात, कुणाची अब्दागिरी, कुणाचा नारळ. बायका सांगतात मलिद्याला गूळ किती घालायचा, नवस कशासाठी बोलायचे, ओवीत पीराचं नाव कसं यायचं. माझी आजी गेली तेव्हा तिच्याबरोबर कितीतरी ओव्या गेल्या. मी मराठी शिकवत होते, आणि तिच्याजवळ वही घेऊन बसायला मला वेळ मिळाला नाही. ही चूक माझी आहे आणि ती आता दुरुस्त होत नाही.

हे काम करायला फार पैसा लागत नाही. पुण्यातल्या आणि पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयांतून मराठीची, इतिहासाची मुलं आहेत. वारीत सेवा करायला हजारो तरुण येतात, पाणी वाटतात, कचरा उचलतात. त्यांतल्या चार जणांच्या हाती वही द्या. मी स्वतः येईन, जमेल तितकं लिहून घेईन, लिहिलेलं तपासून देईन. शुद्धलेखनाची जबाबदारी माझ्याकडे.

फलकावर काय लिहायचं याचा एक मसुदाही जोडते आहे. फेरफार करायला माझी हरकत नाही, फक्त पिठाची चिमूट काढू नका.

‘अनगडशाह बाबा दर्गा. ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान ठेवलेली श्री संत तुकाराम महाराजांची पालखी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथम येथे थांबते. येथे अभंग आणि आरती होते. महिपतींनी सांगितलेल्या कथेनुसार या फकिराच्या शापाने वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या अंगाचा दाह झाला आणि तो तुकोबांच्या अभंगाने शमला. पुढे परीक्षा घेण्यासाठी फकीर देहूला आला. कधीही न भरणारा त्याचा कटोरा तुकोबांच्या लेकीने घातलेल्या चिमूटभर पिठाने भरून वाहिला, असे कथा सांगते. वारीत म्हटली जाणारी तुकोबांची आरती रामेश्वरभटांची आहे.’

उत्तर पोस्टानं पाठवलं तरी मिळेल, पत्ता लिफाफ्यावर आहे. येत्या ज्येष्ठ वद्य अष्टमीला सकाळी मी दर्ग्यापाशी, रस्त्याच्या डाव्या अंगाला उभी असेन.

आपली,
नाना पेठेतली एक वारकरी, निवृत्त मराठी शिक्षिका